हुकुमाचें कारण

कचेरी असो, पेढी असो वा कारखाना असो, वरिष्ठाचा पुष्कळसा वेळ हुकूम देण्यांत जातो. परंतु हुकूम कसा द्यावा हें त्याला सहसा कोणी शिकवीत नाहीं. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीनें १९२५ सालीं नेमक्या याच विषयावर व्याख्यान दिलें. तिचें म्हणणें असें कीं, एका माणसानें दुसऱ्यास हुकूम देऊंच नये. दोघांनीं मिळून प्रसंगाची गरज ओळखावी आणि त्या गरजेचा हुकूम दोघांनींही मानावा.

हें ऐकून कोल्हापूरकरांस आपल्याच एका जुन्या ग्रंथाची आठवण व्हावी. त्याचें नांवच मुळीं ‘आज्ञापत्र’. रामचंद्रपंत अमात्यांनीं तें करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध केलें. शाळेंत आपण त्यांतील एखादा उतारा वाचतों आणि परीक्षेनंतर विसरून जातों! त्यांत आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें याचें विवेचन आहे. आरमाराला लांकूड हवें, आणि तेंही पुष्कळ हवें. तरीसुद्धां रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये, असें अमात्य बजावतात. येवढ्यावर ते थांबते तरी हुकूम पुरा झाला असता. पण ते कारणही सांगतात. हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं दीर्घकाळ जपून वाढविलेलीं असतात. तीं तोडल्यानें जी माणसें दुखावतात, त्यांच्या दुःखानें अखेर राज्याचीच हानि होते. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तें घ्यावें. जुलूम मात्र करूं नये.

आतां कल्पना करा, हुकुमांत ज्याचें नांव नाहीं अशा एखाद्या झाडापुढें एक साधा नोकर उभा आहे. ज्याला केवळ हुकूम ठाऊक, तो कुऱ्हाड चालवील. ज्याला कारण ठाऊक, तो आधीं झाडाच्या धन्याची चौकशी करील.

आपल्याकडील गुळाच्या अडत-पेढीचेंच उदाहरण घ्या. ‘शेतकऱ्याची पट्टी संध्याकाळच्या आंत झालीच पाहिजे,’ असें मालकानें फर्माविलें, कीं नवा कारकून रव्यांचीं वजनें घाईघाईनें उतरून घेतो. आंकड्याचा संशय आला तरी तोंड उघडीत नाहीं. ‘त्याला बिनचूक हिशेब आणि पैसे घेऊन दिवसाउजेडीं गांव गांठावयाचें आहे,’ असें सांगितलें असतें, तर तोच कारकून म्हणाला असता, ‘पाहुणं, जरा थांबा, एक वजन जुळत नाहीं.’

आग लागली असतां कारणें सांगत बसूं नये, हें खरेंच. पण माझा खरा आक्षेप निराळा आहे. ‘प्रसंगाची गरज’ हा शब्द वरिष्ठाच्या लहरीलाही पांघरूण घालूं शकतो. स्वतः चार दिवस कागद दाबून ठेवणारा साहेबच पांचव्या दिवशीं निकडीचें नांव पुढें करतो! अमात्यांच्या नियमांत झाडाच्या धन्याला राजी करावयाचें आहे, म्हणजे ‘नाहीं’ म्हणण्याची त्याला मुभा आहे. रविवारीं कामावर बोलावतांना साहेबानें दहा कारणें सांगितलीं, पण ज्याच्या घरीं बारसें आहे त्या कारकुनाला ‘येत नाहीं’ म्हणण्याची सोय नसली, तर तो जुनाच हुकूम होय. वर कारणाचें वेष्टण तेवढें नवें.