एका उपेक्षित ध्वनिमुद्रिकेचे रसग्रहण : इंडस क्रीडची ‘इव्हॉल्व्ह’
(वारंगा फाटा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नांदेडहून आलेला रस्ता जेथे एकीकडे हिंगोलीस व दुसरीकडे हदगावमार्गे यवतमाळास जातो, त्या या वारंगा फाट्यावर, इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या एका रॉक वाद्यवृंदाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उद्भवला असेल, तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर याच हिंगोली जिल्ह्यात आहे. ज्या नरसीस आपण संत नामदेवांचे जन्मस्थान मानतो, त्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असून, नांदेडच्या गुरुद्वारात नित्य वंदिला जाणारा ग्रंथ तोच आहे. ज्या भूमीच्या संताचा शब्द पंजाबने इतक्या आदराने आपला मानला, त्या भूमीतील रसिकांनी, आपल्याच राज्यातील कलावंतांच्या संगीतावर केवळ त्याच्या भाषेपायी ‘परके’ असा शेरा मारून ते दप्तरी दाखल करावे, हे उचित नव्हे. शिवाय रॉकचा सूर मराठी कानांना सर्वस्वी अपरिचितही नाही; पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर अकॅडमीने १९७८ साली रंगभूमीवर आणला, तेव्हा गायक नंदू भेंडे यांच्या गळ्यातून तो सूर मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचलाच होता.

आज ज्या ध्वनिमुद्रिकेची मी भलावण करणार आहे, तिचा पूर्वेतिहास १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदापासून सुरू होतो. परदेशी वाद्ये आणि ध्वनिवर्धक साधने जकातीमुळे दुर्मीळ व महाग असलेल्या त्या काळात, पाश्चात्त्य गाण्यांची हुबेहूब नक्कल करून टाळ्या मिळवणे हाच धोबी तलावच्या रंगभवनात जमणाऱ्या मैफलींचा शिरस्ता होता. तो मोडून या मंडळींनी १९८८ आणि १९९० साली स्वरचित गीतांचे दोन अल्बम प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम काढला आणि उपग्रह वाहिन्यांच्या त्या नवलाईच्या दिवसांत अमाप लौकिक मिळवला. १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल यांनी पुढे अमेरिकेत वास्तव्य केले.

२०१० साली बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबीन बालापोरिया हे तिघे पुन्हा एकत्र आले. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री व ड्रम्सवर जय रो कवी हे तरुण वादक रुजू झाले. आणि २०१२ मध्ये, म्हणजे मागील अल्बमनंतर १७ वर्षांनी, आठ गीतांचा ‘इव्हॉल्व्ह’ प्रसिद्ध झाला. जाणकारांनी त्याचे स्वागत केले. परंतु ज्या विस्तृत श्रोतृवर्गाने त्यांच्या जुन्या गाण्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच्यापर्यंत ही कृती त्या प्रमाणात पोहोचली नाही.

या उपेक्षेची मीमांसा करताना हिंदी चित्रपटगीतांचे वर्चस्व, इंग्रजी भाषेची मर्यादा, सुटे गाणे ऐकून पुढे जाण्याची नवी सवय, ही कारणे पुढे केली जातात व ती खरीही आहेत. तथापि माझ्या मते मूळ कारण निराळे आहे. दीर्घकाळाने परतणाऱ्या कलावंताकडून लोक त्याचीच जुनी मुद्रा मागतात; आणि या वाद्यवृंदाने जुन्या कीर्तीच्या व्याजावर निर्वाह करण्याचे नाकारून नवे भांडवल उभे केले. रॉक मशीनच्या काळातील आवेश, उंच पट्टीतील आव्हान, दिमाखदार गिटार, हे सारे मागे सारून त्यांनी येथे अनेक पदरांची, संयत आणि चिंतनशील रचना सिद्ध केली. जो श्रोता स्मृतिसुखाच्या अपेक्षेने आला, त्याला हा संयम निरुत्साह वाटला असेल. वस्तुतः या कृतीची श्रेष्ठता त्या संयमातच आहे.

तांत्रिक बाजूचा एक दाखला येथे प्रस्तुत ठरेल. रॉक संगीतात प्रत्येक वाद्य व आवाज स्वतंत्र पट्टीवर ध्वनिमुद्रित करतात आणि नंतर त्यांची पातळी, अंतर व दिशा ठरवून मिश्रण केले जाते. कोणाला पुढे आणावे व कोणाला मागे ठेवावे, याचा फैसला तेथे होतो. ‘इव्हॉल्व्ह’चे मिश्रण टिम पामर यांनी केले. अमेरिकेतील ज्या ‘पर्ल जॅम’ने १९९१ च्या ‘टेन’ या अल्बमद्वारे पर्यायी रॉकला घरोघरी नेले, त्या अल्बमचे मिश्रणही त्यांचेच. म्हणूनच ‘फायरफ्लाइज’ वा ‘डिझॉल्व्ह’ ही यातील गीते ऐकताना पहिल्या खेपेस बेस आणि ड्रम्स यांच्या संगतीकडे, दुसऱ्या खेपेस तिनईकरांची गिटार व बालापोरियांचा कीबोर्ड एकमेकांस जागा कशी करून देतात तिकडे, आणि तिसऱ्या खेपेस या सर्वांवर स्वार न होता त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या बेनेगलांच्या आवाजाकडे अवधान द्यावे. भजनाच्या फडात टाळ, पखवाज आणि वीणा यांचे नाते ओळखणाऱ्या आपल्या कानांना हे अवधान नव्याने शिकावे लागणार नाही.

सज्जनहो, प्रौढ वयात, बाजाराची हमी नसताना, ज्या शैलीने नाव दिले तीच बाजूला ठेवून नवी कृती घडवणे, हे धैर्य कलाक्षेत्रात विरळा आढळते. अशा कलावंताला आपण केवळ त्याच्या जुन्या गाण्यांची फर्माईश करीत राहिलो, तर पुढच्या कलावंताने वाढू नये, असाच जणू हुकूम आपण देत असतो. तेव्हा ही आठही गीते त्यांच्या क्रमाने, सलग ऐका, आणि मगच आपला अभिप्राय बनवा, एवढीच माझी विनंती आहे. तो प्रतिकूल झाला तरी तो ऐकून दिलेला अभिप्राय असेल, आणि कलावंताला रसिकाकडून तेवढे मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.