रामघाटातील मोगली तळ

(चंदगड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंदगड तालुक्याच्या पश्चिम कडेला, पारगडाच्या परिसरातून रामघाट कोकणात उतरतो. 1684 साली या घाटात मोगली सैन्याची जी वाताहत झाली, तिची कथा अभिमानाने सांगितली जाते. सह्याद्रीने शत्रू गिळला, असे तिचे तात्पर्य असते. कथा खरी आहे. मात्र गिळली गेलेली माणसे कोण होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

या स्वारीच्या मुळाशी एका राजघराण्यातील यादवी होती. जानेवारी 1681 मध्ये औरंगजेबाचा पुत्र अकबर याने राठोडांच्या पाठबळावर स्वतःस बादशहा घोषित केले. अजमेरजवळ त्याचे सैन्य फुटले आणि तो दुर्गादास राठोडासह दक्षिणेत येऊन संभाजी महाराजांच्या आश्रयास राहिला. मराठी राज्य बुडविण्याची औरंगजेबाची आकांक्षा जुनीच होती. बंडखोर पुत्र आणि मराठे एकत्र आल्याच्या भयाने तिला निकड आली. सप्टेंबर 1683 मध्ये औरंगाबादेहून मुअज्जम ऊर्फ शाहआलम या थोरल्या राजपुत्राची कोकणावर रवानगी झाली. म्हणजे मराठ्यांवरील स्वारी आणि भावाने भावाचा केलेला पाठलाग, ही दोन्ही कामे एकाच सैन्याच्या माथी आली.

जानेवारी 1684 मध्ये शाहआलम रामघाट उतरून डिचोलीस पोहोचला. त्या सुमारास संभाजी महाराजांनी बारदेश आणि साष्टीत पोर्तुगीजांची कोंडी केली होती. मोगल येताच त्यांना ती सोडून मागे वळावे लागले. गोव्याचा पोर्तुगीज वाचला. पुढचे युद्ध मात्र तलवारीचे राहिले नाही, ते दाण्यागोट्याचे झाले.

मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर. हत्ती, घोडे, उंट, तोफा आणि त्यांच्यामागे मोतद्दार, गवतकापे, भिस्ती, हमाल, बाजारबुणगे, बायका-मुले. या शहराचे धान्य वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येत असे. घाटमाथ्यावरच्या सपाटीत हा व्यवहार चालून जाई. घाटात तो तुटे. तेथे ओझ्याच्या बैलांना एकामागे एक उतरावे लागते, आणि वाट अडवायला थोडी माणसे पुरतात. कोकणातील गावांच्या कणग्यांत घरापुरते भात, आणि एक घोडा खातो ते कित्येक माणसांना पुरेल. सुरतेहून समुद्रमार्गे रसद आणावी, तर खाड्यांच्या तोंडाशी पोर्तुगीजांचे किल्ले. मोगल मदतीच्या निमित्ताने गोवाच गिळंकृत करतील, अशी धास्ती पोर्तुगीजांना होती, आणि ती निराधार नव्हती. त्यांनी जहाजांना मोकळी वाट दिली नाही. दोन सत्तांच्या परस्पर संशयात छावणी उपाशी पडली.

फेब्रुवारीत शाहआलमाने परतीचा रामघाट धरला. तेथेच साथ उसळली. जनावरे इतकी मेली की स्वारांवर पायी चालण्याची पाळी आली. सैन्याचा सुमारे तिसरा हिस्सा मेल्याचे वृत्तांत सांगतात. त्या सैन्याबरोबर असलेला निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासीही या दैन्याची साक्ष देतो. उरलेसुरले सैन्य 18 मे 1684 रोजी अहमदनगरास पोहोचले.

उपाशी छावणीत मरणाचा क्रम दर्जाने ठरतो. उरलेला दाणा प्रथम सरदाराच्या तंबूत जातो. गवतकाप्याचा आणि हमालाचा वाटा सर्वांत आधी बंद होतो. राजपुत्रास काही झाले नाही. तोच शाहआलम 1707 साली जाजऊच्या लढाईत आझम या दुसऱ्या भावाचा पाडाव करून बादशहा झाला. अकबर 1687 साली जहाजाने इराणकडे निघून गेला आणि तिकडेच वारला. त्याच 1707 साली मराठी राज्यातही शाहू आणि ताराबाई यांच्या पक्षांत यादवी पेटली. सातारा आणि कोल्हापूर यांची सीमा वारणेच्या तहाने ठरायला 1731 साल उजाडावे लागले. तेव्हा मोगलांच्या भाऊबंदकीस हसण्याचा अधिकार आपल्याकडे फारसा उरत नाही.

छावणीचा खरा प्रश्न ज्याने ओळखला, असा राज्यकर्ता याच सह्याद्रीत होऊन गेला. 1674 साली चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच उधळली, तर पुढे शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा; मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. वैरणीजवळ आगट्या आणि दिवे ठेवू नयेत, इथवर त्यात बारकावा आहे. आपले सैन्यही रयतेला शत्रू ठरू शकते, याची एवढी स्वच्छ जाणीव त्या काळच्या राज्यव्यवहारात क्वचितच आढळते. पुतळ्यांच्या वर्गणीत पुढे असणारी मंडळी या पत्राकडे फारशी वळत नाहीत, हे काही आश्चर्य नव्हे.

पारगडावर मुलांच्या सहली नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते पत्र तेथे वाचून दाखवावे. मग घाटाच्या तोंडाशी बसून एक हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा: हजार बैलांची एकेरी रांग ही वाट उतरायला किती वेळ घेईल, आणि तोवर खालची माणसे काय खातील?