नाच बसवणाऱ्या बाईचा हिशोब



मार्गशीर्ष लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेवरून जा, एकच गाणं दहा-दहा वेळा वाजताना ऐकू येतं. मध्येच गाणं थांबतं, एक बाई ओरडते, "उजवा पाय, उजवा!", आणि पुन्हा गाणं सुरू होतं. ही स्नेहसंमेलनाची तयारी. सेलू असो, देवळी असो, आर्वी असो की हिंगणघाट, सगळीकडे हेच. कार्यक्रमाच्या दिवशी आपण खुर्च्यांवर बसतो, आपलं लेकरू स्टेजवर आलं की मोबाईल वर करतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. ती ओरडणारी बाई कोण होती, पेटी कोणी वाजवली, गाणी कोणी जोडली, आणि त्यांना त्याचे किती पैसे मिळाले, हे आपण विचारत नाही.

ती बाई मी आहे. अकरा वर्षांपासून शाळांमध्ये नाच आणि नृत्यनाटिका बसवते. म्हणून आज हिशोबाबद्दल बोलणार आहे. हिशोब म्हटला की थोडा संकोच वाटतो, पण बोलल्याशिवाय तो जाणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका हायस्कूलने मला नृत्यनाटिका बसवायला बोलावलं. मी स्वतःच लिहिली, 'सरकी ते साडी'. पेरणी, डवरणी, वेचणी, चरखा, माग आणि शेवटी साडी. चाळीस मुलं-मुली आणि पस्तीस मिनिटांचा खेळ. चोवीस दिवस तालीम चालली, रोज दोन तास. म्हणजे अठ्ठेचाळीस तास शाळेतले. घरी लिहिणं, गाणी बसवणं, कागदाची बोंडं करणं, यात आणखी बावीस तास गेले. एकूण सत्तर तास झाले.

कार्यक्रम छान झाला. मला स्टेजवर बोलावलं, शाल दिली, श्रीफळ दिलं, पाकीट दिलं. पाकिटात एक हजार एक्कावन्न रुपये होते. एसटीचं आपल्याला अर्धं तिकीट असूनही जाण्यायेण्याचे रोज चाळीस रुपये लागत होते. चोवीस दिवसांचे नऊशे साठ झाले. हाती राहिले एक्क्याण्णव रुपये.

त्याच रात्री मंडपवाल्याचं बिल चुकतं झालं. साऊंडवाल्याचं झालं. ड्रेपरीवाल्याला, म्हणजे कपडे भाड्याने देणाऱ्याला, मुलामागे अडीचशेप्रमाणे दहा हजार मिळाले. त्यांचा मला राग नाही, ती माणसं कष्टाचंच खातात. पण त्यांचा भाव आधी ठरला होता आणि माझा ठरलाच नव्हता. मुख्याध्यापिका बाई मनाने चांगल्या. निघताना म्हणाल्या, "ताई, तुम्हाला आवड आहे म्हणून हे होतं." आवड तर आहेच. पण साऊंडवाल्याला आवड नाही असं कोण म्हणतं?

हे मी कोणाला सांगितलं नसतं. पण नाटिकेतल्या एका मुलीची आई कापूस वेचायला जाते. बसस्टँडवर ती भेटली, पाकिटाचं विचारलं, आणि मी आकडा सांगून बसले. ती म्हणाली, "माय वो! आमी वेचणीले जातो त किलोचा भाव ठरवल्याबिगर वावरात पाय नाही ठेवत. तुमी शिकल्यासवरल्या बाया, न विचारता कशा जाता?"

मला उत्तर सुचलं नाही.

मग तिनेच आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला जास्त लागली. तिची धाकटी आधी नाटिकेत होती, दुसऱ्याच दिवशी यायची बंद झाली होती. मला वाटलं, पोरगी लाजते. खरं कारण कपड्याचे अडीचशे रुपये होतं. दोघींचे पाचशे तिला झेपत नव्हते, म्हणून एकीला घरी ठेवलं. म्हणजे वेचणीच्या नाचातून वेचणाऱ्या बाईचीच लेक बाहेर राहिली.

आता सांगा, मी माझे पैसे मागितले तर ते कोणाच्या खिशातून येणार? हाच प्रश्न मला कित्येक रात्री छळत होता. आपण बाया इथेच अडतो. मागितलं तर लेकरांच्या तोंडचं काढतो असं वाटतं, नाही मागितलं तर घरचे म्हणतात, फुकटची हमाली कशाला करते.

म्हणून मी जरा मागे वळून पाहिलं. कलेचे पैसे घेणं आपल्याकडे खरंच वाईट मानत होते का? तसं काही नाही. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे मुळात नावाजलेले पेटीवादक. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा टेंबे त्या कंपनीचे भागीदार होते. पेटी वाजवणारा माणूस कंपनीचा मालक होऊ शकत होता, आणि आपल्या शाळेत पेटीमास्तरांना चहा आणि आलुबोंडा देऊन आपण मोकळे होतो.

इतकं जुनं नको, इतकं लांबही नको. आपल्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टी बघा. धान निघालं की गावोगावी मंडई आणि शंकरपट भरतात आणि रात्रभर नाटकं होतात. गावातलं मंडळ वडशाला जातं, तिथे नाटक मंडळीशी बोलणी करतं, रक्कम ठरवतं, विसार देतं, आणि मगच तारीख पक्की होते. नट, नटी, पेटीवाला, तबलजी, प्रत्येकाचा रात्रीचा भाव ठरलेला असतो. गावकरी तिकीट काढून नाटक बघतात. त्यात कोणाचा मान कमी होत नाही. त्याच झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि आपलं वर्धा तर या बाबतीत जगाला शिकवणारं गाव. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम निघाली. हाताच्या कामातून शिक्षण, हा तिचा पाया. मुलाने काढलेल्या सुताचीही किंमत धरायची, त्यातून शाळेचा खर्च भागवायचा, इथपर्यंत तो विचार गेला होता. पुढे शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि बरीच वर्षं राहिले. कला शिकवणारा माणूस तिथे वर्षातून एकदा बोलावलेला पाहुणा नव्हता, शाळेचाच शिक्षक होता.

आजचा कायदाही कलेला विसरलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा. तुमच्या मुलांच्या शाळेत तो आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. समितीत निम्म्या जागा आपल्या, बायांच्या आहेत. त्या सहीपुरत्या नाहीत.

आणखी एक कायदा माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांना माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना सूट आहे. शाळेतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी नाटक किंवा गाणं फक्त शाळेतली माणसं आणि पालक यांच्यापुढे सादर केलं, तर लेखकाची परवानगी लागत नाही. बाहेरचे प्रेक्षक आले, की परवानगी घ्यावी लागते. पण ही सूट संहितेपुरती आहे. चोवीस दिवस घसा बसवून तालीम घेणाऱ्या माणसाच्या कष्टाला कायद्याने कुठेही फुकट म्हटलेलं नाही. शिवाय तुम्ही शाळेच्या नोकरीत नसाल आणि लिहून दिलं नसेल, तर तुमची नाटिका तुमचीच राहते. त्या संहितेवर तुमचं नाव लागलं पाहिजे. हक्क द्यायचा झाला तर तो लेखी द्यावा लागतो, तोंडी नाही.

तर मी काय केलं, ते सांगते. मागच्या वर्षी दोन शाळांतून बोलावणं आलं. दोन्हीकडे मी पहिल्याच भेटीत वहीचं पान पुढे ठेवलं. पानावर पाच ओळी होत्या. किती तास, तासाचे किती रुपये, प्रवासाचे किती, पेटी-तबल्याचे किती, आणि पैसे कधी. निम्मे तालीम सुरू होताना, निम्मे कार्यक्रमाच्या दिवशी.

एका शाळेने नाही म्हटलं. "मागच्या ताई फुकट करायच्या," असं ऐकवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी आठवलं, मागची ताई म्हणजे मीच. दुसऱ्या कोणाला असं ऐकावं लागू नये, याची सुरुवात माझ्यापासूनच व्हायला हवी होती.

दुसरी शाळा तीच, 'सरकी ते साडी'वाली. तिथल्या बाईंसोबत मी अख्ख्या कार्यक्रमाचा खर्च मांडला. तालीम पंधरा दिवसांवर आणली, म्हणजे तीस तास. तासाचे शंभरप्रमाणे तीन हजार, प्रवासाचे सहाशे, तबलजींचे एक हजार. हे झाले चार हजार सहाशे. ड्रेपरी काढून टाकली. कापसाच्या गोष्टीला चकचकीत भाड्याचे कपडे हवेतच कशाला? आयांच्या जुन्या सुती साड्या, बाबांचे पांढरे सदरे, आजोबांचे दुपट्टे घरून आले. रंग आणि कागदाला चौदाशे लागले. एकूण सहा हजार. चाळीस मुलांत दीडशे रुपये एका मुलामागे, आणि ज्यांना तेही जड होते त्यांचे शाळेने भरले. आदल्या वर्षी नुसत्या कपड्यांना दहा हजार गेले होते.

ती धाकटी या वेळी पहिल्या रांगेत नाचली. आईच्या साडीचीच ओटी बांधून.

मैत्रिणींनो, माझं मागणं मोठं नाही. तुम्ही पालक असाल तर स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या कागदावर मंडप, साऊंड, ट्रॉफी यांच्यासोबत 'नृत्य, संगीत, लेखन' अशी एक ओळ आहे का, ते बघा. शाळेत शिकवत असाल तर बाहेरच्या ताईला बोलावण्याआधी रक्कम ठरवा. ती थोडी असेल तरी चालेल, पण आधी ठरलेली असू द्या. आणि तुम्ही माझ्यासारख्या नाच बसवणाऱ्या, पेटी वाजवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या असाल, तर तास लिहून ठेवा. एखाद्या गरीब शाळेचं काम फुकट करावंसं वाटलं तर जरूर करा. पण हिशोब लिहा आणि खाली लिहा, 'ही माझी देणगी'. मग तुमचं देणं शाळेलाही दिसेल आणि तुम्हालाही.

मानधन या शब्दात मान आहे तसं धनही आहे. मान आपल्याला शाल-श्रीफळातून पुष्कळ मिळाला. शाली पेटीत घडी करून ठेवल्या आहेत. धनाचं मात्र विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि विचारायची वेळ पहिल्या तालमीच्या आधीची आहे.