मुलगी शहाणी झाली तेव्हा
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मुलगी वयात आली की आपल्याकडे ‘शहाणी झाली’ असे म्हणतात. आमच्या कन्येविषयी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा आम्हां उभयतांना क्षणभर हसू आले आणि मग डोळे भरून आले. तिची बौद्धिक वाढ मंद आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. बाराव्या वर्षी तिला साधी बेरीज जमत नव्हती. परंतु निसर्गाने आपले वेळापत्रक चुकविले नाही. बुद्धी रेंगाळली तरी शरीर बहुधा आपल्या वेळेसच वयात येते, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

त्या दिवशी ‘आई, लागलं!’ म्हणून ती आक्रोश करीत राहिली. जखम झाली, असे तिला वाटले. दोष तिचा नव्हता. आम्हीच तिला काही सांगितले नव्हते.

थोड्याच दिवसांत एका हितचिंतकांनी सुचविले, ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.’ खोटे कशाला बोलावे? दोन रात्री आम्ही तोही विचार केला. १९९४ साली शिरूरच्या शासकीय निवासगृहातील बौद्धिक अक्षम मुलींवर अशाच शस्त्रक्रिया झाल्या आणि देशभर निषेध उसळला, हे आम्हांस आठवत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार तर, दिव्यांग व्यक्तीने सारे समजून स्वखुशीने संमती दिल्यावाचून तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येत नाही. शिवाय पिशवी काढल्याने अत्याचार टळत नाही. फार तर तो झाकला जातो. आम्ही तो विचार सोडला.

मग तिच्या शाळेतील बाईंनी मार्ग दाखविला. पाळी नसतानाच पॅड लावण्याचा सराव, तोही रोज एकाच जागी. न्हाणीघराच्या भिंतीवर पाच चित्रे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून डब्यात. आणि कालनिर्णयवर लाल खूण. एका वेळी एकच पायरी. आठ महिने लागले. परंतु आज ती खूण ती स्वतः करते. वडील म्हणून आम्हांसही दोन गोष्टी शिकाव्या लागल्या : दुकानात न लाजता पॅड मागणे आणि तिच्या बंद दारावर टकटक करणे.

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बांधवांनी हे ध्यानी ठेवावे : २०१४ च्या आदेशान्वये दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्यास नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. ती आम्हांस मिळाली, म्हणूनच शाळा आणि बाई सुटल्या नाहीत. आपल्या सिकंदराबादेतच, मनोविकासनगरात, बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठी १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. गरजूंनी संकोच न करता तेथे जावे.

आता एक विनंती, आणि तिच्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहोत. या परप्रांतात आजी, मावशी, आत्या सारे दूर. मंडळ हेच आमचे गणगोत. गणेशोत्सवात आपण कन्येला प्रेमाने जवळ ओढता, गाल कुरवाळता. हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु कोणीही स्पर्श केला तरी चालतो, हाच धडा ती त्यातून घेते. आणि बाहेरच्या जगात सारेच आपल्यासारखे नाहीत. नको असलेल्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणावयास आम्ही तिला शिकवीत आहोत. गेल्या वर्षी तिने एका काकांना तसे म्हटले आणि त्यांना वाईट वाटले. आम्ही त्यांची क्षमा मागितली नाही. घरी जाऊन तिला शाबासकी दिली. ते काका येथे असतील, तर त्यांनी आम्हांस समजून घ्यावे.

ती आता अठरा वर्षांची आहे. तिला ‘बाळ’ न म्हणता नावाने हाक मारावी, हात जोडून नमस्कार करावा, तीही करील. शहाण्या झालेल्या कोणत्याही मुलीला आपण जो मान देतो, तोच तिला द्यावा. याहून अधिक आमचे मागणे नाही.