पटावरचं आरमार



पत्रिकेतला आजचा विषय वाचून काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर हा माणूस तासभर बोलणार काय? शंका रास्त आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आरमारी लढाईचा डाव पटावर मांडला म्हणजे त्या लढाईत काय घडलं ते सिद्ध होत नाही. ती आशा कुणी धरू नये. पण जुन्या इतिहासकारांची किती तरी वाक्यं आपण न अडखळता वाचून पुढे गेलो होतो, ते मात्र लख्ख कळतं. डाव मांडला की त्या वाक्यांपाशी थांबावंच लागतं.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समुद्राचा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं. जहाजांच्या किंवा जहाजांच्या तुकड्यांच्या सोंगट्या, फासे, आणि एक बरीच जाडजूड नियमपुस्तिका. अमेरिकेतल्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९८० साली ‘ट्रायरिम’ नावाचा खेळ बाजारात आणला. १९९९ साली जीएमटी कंपनीने रिचर्ड बर्ग यांचा ‘वॉर गॅली’ काढला. या खेळांमध्ये सोंगटी कुठल्या घरात आहे याला जितकं महत्त्व, तितकंच तिचं तोंड कुठे आहे यालाही. कारण ट्रायरिम हे जहाजच मुळात शस्त्र होतं. साधारण ३७ मीटर लांब, तीन थरांत बसलेले १७० वल्हेकरी, सगळी माणसं धरून २००, आणि पुढच्या टोकाला पाण्याच्या पातळीवर पितळेसारख्या धातूची, म्हणजे कांशाची, जड टक्करखोड. ती शत्रूच्या बगलेत हाणायची आणि लगेच वल्ही उलटी मारून मागे सरकायचं. ज्याने बगल दाखवली तो गेला.

आता इ.स.पू. ४२९ सालात चला. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाचं तिसरं वर्ष. कॉरिंथच्या आखाताच्या तोंडाशी अथेन्सचा सेनापती फॉर्मिओ २० जहाजं घेऊन पहाऱ्यावर आहे. स्पार्टाच्या मित्रांची ४७ जहाजं सैन्य भरून पलीकडच्या किनाऱ्याला निघाली आहेत. २० जहाजं ४७ जहाजांच्या अंगावर येतील असं त्यांच्या मनातही नव्हतं. फॉर्मिओने त्यांना बरोबर मधल्या पाण्यात गाठलं. तेव्हा त्यांनी काय केलं? तोंडं बाहेर, पिछाडी आत, असं मोठं वर्तुळ केलं. मधे लहान नावा आणि वेगाने निघू शकतील अशी निवडक पाच जहाजं. कुणी कुठून घुसलं तर ही पाच धावून जाणार.

फॉर्मिओने आपली जहाजं एकामागे एक लावली आणि त्या वर्तुळाभोवती फेर धरला. अगदी जवळून, आत्ता टक्कर देतो की मग देतो असं भासवत, फेऱ्यामागून फेरे. वर्तुळ आक्रसत गेलं. इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगतो की फॉर्मिओ वाऱ्याची वाट पाहत होता. पहाटेच्या सुमाराला आखातातून वारा सुटतो हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे कोकणात मतलई वाऱ्याच्या भरवशावर मचवे हाकणाऱ्या तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. वारा सुटला. जहाजं एकमेकांवर आदळू लागली, माणसं लांब काठ्यांनी शेजारचं जहाज ढकलू लागली, आरडाओरडा, शिवीगाळ, त्यात हुकूम कुणाला ऐकू येईना, आणि नवशिक्या वल्हेकऱ्यांना उसळत्या पाण्यातून वल्हं उचलता येईना. त्या क्षणी फॉर्मिओने इशारा दिला. आधी शत्रूच्या एका सेनापतीचं जहाज फुटलं, मग जे समोर येईल ते. १२ जहाजं हाती लागली, बाकीची पात्राई आणि डायमीकडे पळाली.

हे वाचताना सगळं ओघाने घडल्यासारखं वाटतं. आता पट मांडा. फॉर्मिओची जहाजं एकामागे एक जात आहेत, म्हणजे प्रत्येक जहाजाची बगल वर्तुळाकडे आहे. पलीकडे ४२ टकरा बाहेर तोंड करून तयार! पेलोपोनेशियन बाजूने बसलेला खेळाडू साधा शहाणा असेल तर पहिल्याच खेळीत पाच-सात जहाजं पुढे लोटतो आणि अथेन्सची रांग मधोमध तोडतो. आमच्या गटात हा डाव मांडला तेव्हा नेमकं हेच झालं, आणि फॉर्मिओ होऊन बसलेले गृहस्थ, जे एरवी थ्युसिडिडीझची पानंच्या पानं सांगतात, ते पटाकडे बघतच राहिले.

मग खरा प्रश्न समोर येतो. त्या ४७ जणांनी हे केलं का नाही? उत्तर टकरीच्या जोरात नाही, जहाजांच्या संख्येतही नाही. उभ्या जहाजाला वेग घ्यायला वेळ लागतो. १७० माणसांची वल्ही एका तालात पडायला सराव लागतो. एकट्याने पुढे झेपावलो आणि शेजारचा आला नाही, तर आपली बगल उघडी. आणि ‘आता सगळे मिळून निघा’ हे सांगणारं कोण, आणि ऐकणारं कोण? जहाजं तीन-चार शहरांची, सेनापतीही अनेक. फॉर्मिओने ओळखलं ते हे. तो त्यांच्या जहाजांशी लढत नव्हता, त्यांच्या हुकूम पोचण्याच्या वेळेशी लढत होता. थ्युसिडिडीझने हे सगळं लिहिलेलं आहे, पण ‘हुकूम ऐकू येईना’ हे वाक्य मी कित्येकदा वाचताना गोंधळाच्या वर्णनातला रंग समजत होतो. लढाईचं बिजागर तेच आहे. नियमपुस्तिकेत ‘एका खेळीत अननुभवी आरमाराची मोजकीच जहाजं हलवता येतील’ असं कलम घातलं की फॉर्मिओचा डाव चालतो, ते काढलं की बुडतो. म्हणून मी म्हणतो, या खेळातलं प्रत्येक कलम हे इतिहासाबद्दलचं विधान असतं. इतिहासाच्या प्रबंधात अशी विधानं विशेषणांच्या आड लपवता येतात. इथे आकडा लिहावा लागतो.

आकडा आणायचा कुठून? १९८७ साली ग्रीसमध्ये ‘ऑलिंपियास’ नावाची ट्रायरिम नव्याने बांधून पाण्यात उतरवली गेली. जॉन मॉरिसन हे ग्रीकचे पंडित आणि जॉन कोट्स हे नौकाबांधणीतले जाणकार, या दोघांच्या कष्टाचं ते फळ. हौशी वल्हेकऱ्यांनी तिला थोड्या वेळापुरता सुमारे ९ नॉट वेग दिला, आणि ती आपल्या लांबीच्या अडीचपट जागेत तोंड फिरवत होती. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मागच्या टोकाला दिलेला हुकूम पुढच्या वल्हेकऱ्यांपर्यंत धड पोचत नसे. हे शांत समुद्रात, स्नेहभावाने जमलेल्या माणसांत. फॉर्मिओच्या शत्रूंची काय अवस्था असेल!

आता रोमकडे वळू. इ.स.पू. २५६, सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोम-कार्थेज युद्धातली एक्नोमसची लढाई. इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने रोमची ३३० जहाजं आणि १,४०,००० माणसं, कार्थेजची ३५० जहाजं आणि दीड लाखाहून जास्त माणसं. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण जरा भागाकार करा. पॉलिबियसच सांगतो की रोमन जहाजावर ३०० वल्हेकरी आणि १२० सैनिक. ४२० गुणिले ३३० म्हणजे १,३८,६००. कार्थेजचंही तसंच, ४२० गुणिले ३५० म्हणजे १,४७,०००. माणसं कुणी मोजलेली दिसत नाहीत, जहाजं मोजून गुणाकार केलेला दिसतो. आणि सगळी जहाजं तेवढी मोठी होती का, याचीही शंका आहे. इ.स.पू. २४१ च्या एगेडीस बेटांजवळच्या लढाईतल्या टक्करखोडी एकविसाव्या शतकात समुद्रतळातून वर आल्या आहेत. त्यांच्या मापावरून ती जहाजं पुष्कळशी ट्रायरिमच्याच अंगाची होती असं संशोधक म्हणतात.

डाव मांडताना मला मात्र वेगळीच अडचण आली. पटच पुरेना. कार्थेजने आपली जहाजं लांबच लांब ओळीत लावली होती. दोन जहाजांच्या मध्यात तीस मीटर अंतर धरलं, तर ३५० जहाजांची एकेरी ओळ साडेदहा किलोमीटर होते. एका टोकाच्या माणसाला दुसरं टोक दिसणार नाही. म्हणजे रेग्युलस आणि व्हल्सो या रोमच्या दोन कॉन्सलांनी, म्हणजे सेनापतींनी, पाचरीसारखी रचना करून मध्य फोडला, तेव्हा मागे घोड्यांच्या नावा ओढणाऱ्या तुकडीचं काय होतंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. पॉलिबियस लिहितो की एका लढाईच्या तीन झाल्या, एकमेकींपासून दूर. कार्थेजच्या मधल्या फळीने मुद्दाम माघार घेऊन रोमनांना ओढलं होतं. बेत चांगला होता. पण पळता पळता वळून लढणारी ती फळी आधी मोडली, आणि कॉन्सल मोकळे होऊन मागच्यांच्या मदतीला आले. कार्थेजची ३० जहाजं बुडाली, ६४ पकडली गेली. रोमची २४ गेली. पटावर बसलेला खेळाडू मात्र हे सगळं वरून पाहत असतो, घारीसारखा. कॉन्सलला न मिळालेली दृष्टी आपण फुकटात घेतो, आणि मग त्याच्या चुका दाखवतो.

या खेळांचं सगळ्यात मोठं खोटं तेच. दुसरं खोटं त्याच्या पाठोपाठ येतं: खेळाडूला शेवट ठाऊक असतो. सॅलमिसचा डाव घ्या, इ.स.पू. ४८०. इतिहासकार हिरोडोटसने ग्रीकांची जहाजं ३७८ आणि इराणी आरमार १२०७ सांगितलं आहे. इराणी बाजूचा खेळाडू त्या अरुंद खाडीत शिरतच नाही. बाहेर थांबतो आणि ग्रीकांची उपासमार होण्याची वाट पाहतो. मग नियमाने त्याला आत ढकलावं लागतं आणि तो चिडून विचारतो, ‘मी का जाऊ?’ हाच तर खरा प्रश्न. अथेन्सच्या थेमिस्टोक्लीजने आपला गुलाम सिकिन्नस याच्याकरवी पाठवलेला खोटा निरोप, इराणी राजा डोंगरावर बसून बघतोय हा धाक, पुढे येणारा हिवाळा, हे सारं त्या एका ‘का’मध्ये आहे.

मायलीच्या लढाईचं तर आणखी अवघड. इ.स.पू. २६० मध्ये रोमच्या गायस डुइलियसच्या जहाजांवर कॉर्व्हस नावाचे झुलते पूल बसवलेले होते. ३६ फूट लांब, ४ फूट रुंद, टोकाला खाली वळलेला अणकुचीदार खिळा. शत्रूचं जहाज जवळ आलं की पूल दाणकन त्याच्या डेकवर, खिळा फळीत रुतला की सैनिक पलीकडे. कार्थेजचे लोक ते विचित्र यंत्र पाहून थबकले, पण बेफिकिरीने चालून आले. आजचा कोणता खेळाडू बेफिकिरीने येईल? मायलीची लढाई प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदाच खेळता येते, तीही त्याने इतिहास वाचलेला नसेल तर.

यावर उपाय नवा नाही. १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकी खेळात पंच बसवला. दोन्ही पक्षांना जेवढं दिसायला हवं तेवढंच पंच दाखवणार. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डाव जमिनीवर मांडले जात. तिथे कापडी पडद्याला फटी ठेवलेल्या असत. जहाजाच्या कप्तानाला जेवढा समुद्र दिसेल तेवढाच अधिकाऱ्याने फटीतून पाहायचा. हे डाव चालवणाऱ्यांमध्ये नौदलाच्या महिला विभागातल्या तरुणी होत्या, आणि त्यांनी पटावर तपासलेल्या चाली अटलांटिकमध्ये प्रत्यक्ष वापरल्या गेल्या. आम्ही घरगुती रीतीने तेच करतो. पंच वेगळा, पुरवणी नियम बंद पाकिटात. मायलीला त्याशिवाय अर्थ नाही.

ड्रेपानाच्या लढाईविषयी थोडक्यात. इ.स.पू. २४९ मध्ये रोमच्या पब्लियस क्लॉडियस पुल्करने शकुन पाहण्याच्या पवित्र कोंबड्या दाणे खाईनात म्हणून समुद्रात फेकल्या, ‘खात नाहीत तर पिऊ द्या’ म्हणाला, आणि ९३ जहाजं गमावली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पॉलिबियसमध्ये कोंबड्या नाहीत. त्याच्याकडे किनारा आहे: रोमनांच्या पाठीशी जमीन, मागे सरकायला पाणी नाही. पटावर हे दोन खेळ्यांत दिसतं. कोंबड्यांचं कलम कुणी लिहिलं तर मी ते फाडून टाकीन.

आणि पट जिथे थिटा पडतो ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इ.स.पू. २५५ मध्ये कमारिनाजवळ वादळात रोमच्या ३६४ पैकी ८० च जहाजं वाचली. वाटाड्यांनी बजावलं होतं की या हंगामात त्या किनाऱ्याने जाऊ नका. सेनापतींनी ऐकलं नाही. रोम-कार्थेजच्या त्या युद्धात कुठल्याही लढाईने जेवढी माणसं बुडवली नाहीत तेवढी या हट्टाने बुडवली. पण वादळाचा खेळ कुणी विकत घेत नाही.

जाता जाता आपल्या किनाऱ्याबद्दल. ज्याला वल्ह्यांचं, उथळ पाण्याचं आणि वाऱ्याच्या वेळेचं युद्ध समजून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी खांदेरी समोर आहे. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या मायनाक भंडाऱ्याने बेटावर तटबंदी सुरू केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या मराठा आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला. त्यांचं ‘डव्ह’ जहाज हाती लागलं, लहान होड्या पळाल्या, केग्विनची ‘रिव्हेंज’ तेवढी टिकून राहिली. तरी वल्ह्यांची गलबतं बेटावर रसद पोचवतच राहिली, आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं. मुंबई-सुरतच्या इंग्रज वखारींचा पत्रव्यवहार छापलेला आहे, नकाशे आहेत, आणि थळच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी आणि वाऱ्याची वेळ तोंडपाठ असलेले नाखवे आजही आहेत. या सभेत इंजिनिअरिंगची मुलं आहेत, इतिहासाची मुलं आहेत. दोन्ही बाजूंच्या दोघा-तिघांनी एकत्र बसून खांदेरीचा पट तयार करावा. नियम आधी इंग्रजांच्या बाजूने लिहा, कारण वारा पडल्यावर जहाज का हलत नाही हे त्यांनाच भोगावं लागलं होतं. आणि पंच नेमायला विसरू नका.