फुलं पाण्याच्याच बाटलीची

तेल्हाऱ्याच्या आमच्या गटात आम्ही महालक्ष्म्यांच्या सजावटीसाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची फुलं करतो. बाटली कारखान्यात ताणून फुगवलेली असते. ऊब लागली की प्लास्टिक आक्रसतं. म्हणून कापलेली पाकळी चिमट्यानं मेणबत्तीच्या चार बोटं वर धरली की कडा आपसूक वळते. गार झाली की तोच आकार धरते. धूर दिसला तर लगेच दूर घ्या. काम अंगणात करा, पदर खोचून.

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा पाहा. ३ असेल तर तापवू नका. तो धूर छातीला वाईट. पण नुसता आकडा पुरत नाही. कपाशीच्या औषधाच्या बाटलीवरही १ असू शकतो. ती कितीही धुतली तरी आम्ही घेत नाही. २०१७ साली आपल्या वऱ्हाडातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. असं विष बाटलीला आतून चिकटून राहतं. तापवलं की वाफ आपल्याच नाकात.

घरच्यांना सांगा, औषध पंपात ओतलं की बाटली तीनदा विसळायची, ते पाणी पंपातच टाकायचं आणि बाटलीला भोक पाडायचं. मग तिचं फूलही कुणी करणार नाही, अन् तिच्यात पाणीही कुणी भरणार नाही.