बोधचिन्ह आणि त्याची फाइल

एखादी पतपेढी रौप्यमहोत्सव साजरा करावयाचे ठरविते. दाराशी दहा फूट रुंदीचा फलक असावा, असा ठराव होतो. चिटणीस आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवलेले संस्थेचे बोधचिन्ह छापखान्याकडे धाडतात. दोन दिवसांनी जे समोर येते ते पाहून संचालक मंडळी स्तिमित होतात. दीपज्योतीच्या कडेला पायऱ्या पडलेल्या, अक्षरांभोवती मळकट धुरळा साचलेला. दोष अर्थातच छापखान्यावर येतो. तो बहुधा त्याचा नसतो.

चिटणिसांजवळचे चित्र ठिपक्यांचे होते. दुसुतीवर टाके मोजून मोर भरावा, तसे असे चित्र चौकोनी ठिपक्यांनी भरलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. चित्राच्या रुंदीत ३०० पिक्सेल असले आणि दर इंचास ३०० या मापाने ते छापले, तर एक इंचभर सुबक चित्र उमटते. तेच १२० इंचांवर ताणले की एकेक ठिपका सुमारे एक सेंटिमीटरचा होतो. मोर नाहीसा होऊन टाके तेवढे उरतात.

दुसरी रीत अगदी निराळी आहे. खुंटीला दोरी बांधून वर्तुळ काढणाऱ्यास दोरी लांबविली की पुरते. मोठे वर्तुळही तितकेच गोल निघते. या रीतीत, जिला वेक्टर म्हणतात, फाइलीत ठिपके नसतात, तर रेघ कोठून निघाली, कोठे पोहोचली व वाटेत कशी वळली याचे गणित असते. हे गणित चित्रशाळेतले नव्हे, मोटारींच्या कारखान्यांतले. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ मध्ये आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी त्यानंतरच्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे बाक नेमके मांडण्यासाठी ते उपयोगात आणले. १९८७ साली निघालेल्या अडोबी इलस्ट्रेटरने ते चित्रकारांच्या हाती दिले. एआय, ईपीएस आणि २००१ साली जागतिक मानक ठरलेली एसव्हीजी या फाइली याच कुळातल्या. बोधचिन्ह मुळात येथेच जन्मास यावे.

ठिपक्यांच्या फाइली म्हणून त्याज्य ठरत नाहीत. १९९२ चे जेपेग हे मानक छायाचित्रांसाठी आहे. ते आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे पाडून डोळ्यास न जाणवणारा तपशील गाळते. ढगात हे खपून जाते. काळ्या अक्षराच्या कडेवर मात्र तोच धुरळा दिसतो. शिवाय जेपेगला पारदर्शकता ठाऊक नसल्याने रंगीत कागदावर चिन्हाभोवती पांढरी चौकट येते. जीआयएफच्या संक्षेपपद्धतीवरील पेटंटाचा वाद उद्भवल्यावर १९९५ मध्ये तयार झालेले पीएनजी काहीच गाळत नाही आणि पार्श्वभूमी मोकळी ठेवते. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यासाठी ते उत्तम.

येथे एक फसगत नेहमीची आहे. जेपेग चित्र पीडीएफमध्ये ठेवले म्हणून ते वेक्टर होत नाही. पितळेची वाटी चांदीच्या डब्यात ठेवली तरी पितळेचीच राहते. चित्र खूप मोठे करून कडा पाहाव्या, म्हणजे खरे काय ते कळते.

देवनागरीच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. चिन्हातील अक्षरे टंकाच्या रूपातच राहिली आणि तो टंक छापखान्याच्या संगणकावर नसला, तर जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे सरकतात. यास्तव फाइल हातावेगळी करण्यापूर्वी अक्षरांचे रेषांत रूपांतर करावे लागते. मात्र रूपांतरानंतर मजकूर बदलता येत नाही. म्हणून मूळ प्रत वेगळी राखणे अगत्याचे.

आणि मूळ प्रतच गहाळ झाली असेल तर? एखाद्या जुन्या पत्रशीर्षावरून चित्रकाराने चिन्ह पुन्हा आखणे हाच मार्ग उरतो. आपोआप आखणी करणारी साधने आहेत. पण दिलेले चित्र लहान व अस्पष्ट असेल, तर ती ज्योतीच्या पायऱ्यांनाही ज्योतच समजतात.